मापाचं रक्त

रस्ता ओलांडून झाल्यावर मागून कोणीतरी हाक मारली, "ओ मावशी, चप्पल राहिली की तुमची." नियेले कुलिबालीने वळून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध, हिरव्या मिनीबसच्या चाकापासून वीतभर अंतरावर, तिच्या उजव्या पायातली चप्पल पडली होती. आंबे विकणाऱ्या एका पोरीने टोपली खाली ठेवली, दोन मोटारसायकलींच्या मधून वाट काढत ती चप्पल उचलून आणली आणि नियेलेच्या हातात देत म्हणाली, "नवऱ्याने घेऊन दिलेली दिसते, म्हणून टाकून चाललात." आजूबाजूच्या बायका हसल्या. नियेलेही हसली. ऊन असं होतं की डांबर मऊ पडून त्यावर टायरांच्या खुणा उमटत होत्या, आणि तिचं उजवं पाऊल त्या डांबरावरून अनवाणी चालत आलं होतं. तिने खाली पाहिलं. पाऊल तिचंच होतं, उंच कमानीचं, आईच्या भाषेत पुलासारखं, धुळीने माखलेलं. त्याला काही झालेलं दिसत नव्हतं. मग, दुसऱ्याच कोणाला भाजल्याची बातमी कानावर यावी तसा, चटका आला. उशिरा आला आणि अर्धाच आला. ती चप्पल हातात धरून तशीच उभी राहिली. पोरीने विचारलं, आंबे देऊ का. नियेलेने आंबे घेतले, कारण काहीतरी घेणं भाग होतं. आंब्यांची पिशवी, हातातली चप्पल आणि सकाळपासून डोक्यात असलेला दोन-तृतीयांश हा आकडा, एवढं सगळं घेऊन ती प्रयोगशाळेकडे परत निघाली. जेवायला म्हणून बाहेर पडली होती हे तिला फाटकाशी पोचल्यावर आठवलं.

नवी चप्पल सैल असते, असं ती स्वतःला सांगत होती. ईदला घेतलेली, मागे पट्टा नसलेली. एरवी ती पट्ट्याची चप्पलच वापरायची. का वापरायची, हे तिने कधी स्वतःला विचारलं नव्हतं. माणूस स्वतःच्या शरीराच्या किती गोष्टी न विचारता सांभाळून घेतो. शाळेत धावायच्या शर्यतीत ती नाव द्यायची नाही, घोटा मुरगळतो म्हणून. जिना उतरताना भिंतीला हात लावायची, अंधार असतो म्हणून. कानातलं घालताना त्याची फिरकी दोन बोटांतून निसटायची, घाई असते म्हणून. प्रत्येक गोष्टीला तिचं स्वतंत्र, साधं, खरं वाटणारं कारण होतं. ती कारणं आता एकेक करून तिच्यासमोर येत होती आणि नजर चुकवत होती.

प्रयोगशाळेत पंखे बंद होते. वीज सकाळीच गेली होती आणि जनरेटर फक्त फ्रीजपुरता चालू होता. नियेले आपल्या बाकाशी बसली. गेली काही वर्षं ती या एकाच प्रथिनाबरोबर राहत होती, असं म्हटलं तर चुकीचं होणार नाही. पाठीच्या कण्यातून निघून पायाच्या बोटापर्यंत जाणारा तंतू उघडा नसतो. एक पेशी त्याच्याभोवती स्वतःला गुंडाळत जाते, थरावर थर, आणि त्या वेष्टणामुळे निरोप वेगाने धावतो. थर एकमेकांना धरून राहावेत म्हणून त्यांच्यात प्रथिनं असतात. त्यातलं एक भरपूर असतं, ते दोन थरांना चेन लावल्यासारखं जोडून ठेवतं. दुसरं अगदी थोडं, लहानसं, पेशीच्या आवरणातून चार वेळा आतबाहेर टाके घातल्यासारखं ओवलेलं. तिचं प्रथिन ते. ते थोडं असतं आणि थोडंच असावं लागतं. त्याचं जनुक आईकडून एक आणि बापाकडून एक, असं दोनदा मिळतं. काही घराण्यांत ते तीनदा लिहिलं जातं. मग प्रथिन जास्त होतं, वेष्टण सुटतं, पेशी ते पुन्हा गुंडाळते, ते पुन्हा सुटतं. निरोप रेंगाळायला लागतो, आणि सगळ्यात लांबचे तंतू, पायांचे, आधी दमतात. कमी असल्याने बिघडलेलं लोकांना समजतं. जास्त असल्याने बिघडलेलं समजावून सांगताना नियेलेची नेहमी तारांबळ उडायची. कोलोकानीहून आलेल्या एका म्हाताऱ्याने तिला विचारलं होतं, "आमच्या घरात काही जास्त निघालं म्हणतेस? पोरी, पुन्हा एकदा नीट बघ." तेव्हा ती खूप हसली होती.

त्या म्हाताऱ्याच्या नातीचं नाव मा. गावातल्या विहिरीवरून येताना पडायची, आता सपाट जमिनीवरही पडते. ब्लाउजची बटणं आई लावून देते. तिचं रक्त तपासलं तर दोन. सगळं जिथल्या तिथे. आणि तिचा काका, जो अजून बैलांमागे दिवसभर चालतो, त्याचं मात्र या दोनाच्या दोन-तृतीयांशच. त्यालाच काहीतरी कमी. दुसऱ्या घराण्यातही तसंच, तिसऱ्यातही तसंच. लंगडणारे सगळे ठीक आणि धडधाकट सगळे उणे. डॉक्टर सानोगो या प्रयोगशाळेच्या प्रमुख. त्यांनी आकड्यांकडे पाहून एकच शब्द म्हटला होता, वीज. यंदा बामाकोत कशाचंही खापर विजेवर फोडता येत होतं. दूध नासलं, लग्न मोडलं, तरी वीज. फ्रीज बंद पडून रसायनं खराब झाली असणार. नवी बाहेरून मागवायची तर बकरीईद उलटून जाणार. आणि माची आई तर व्हरांड्यात चटई टाकून बसलेली, पोरीला रिकाम्या हाताने परत नेणार नाही म्हणत. आनुवंशिक नसेल तर मग नसांना आलेली सूज असेल, तिला गोळ्या असतात. भारी गोळ्या, चेहरा सुजवणाऱ्या, हाडं पोखरणाऱ्या. सोमवारी सुरू करू या, डॉक्टर सानोगो नाखुशीने म्हणाल्या होत्या. उद्या शनिवार.

परंतु ही चाचणी कधीच नुसतं मोजत नाही, ती तुलना करते. निरोगी माणसांचं रक्त माप म्हणून घ्यायचं, त्यात दोन आहेत असं धरायचं आणि बाकीच्यांना त्याच्याशी ताडून बघायचं. मापच मोठं असेल तर जगातलं सगळं धान्य कमी भरेल. मापात तीन असतील तर दोन हे दोन-तृतीयांश दिसतील आणि तीन हे पुरेपूर. सकाळी हे गणित तिच्या मनात येऊन उभं राहिलं होतं. तिने त्याच्याकडे पाहिलं नव्हतं. ती जेवायला बाहेर गेली होती.

मापाचं रक्त तिचं होतं. त्यात पुढे दुसऱ्या कोणाचं मिसळलंच नाही हे दोघांनाच माहीत होतं, तिला आणि रक्त काढणाऱ्या सिरिमान केइताला. डॉक्टर सानोगो डाकारला परिषदेला गेल्या होत्या. जाताना सांगून गेल्या, पाचसहा जणांचं रक्त एकत्र करून कंट्रोल, म्हणजे हे माप, तयार करा. आणि तो रमजानचा महिना होता. उपासाच्या माणसाच्या अंगातून रक्त काढायला सिरिमानचा हात धजेना. शास्त्र काय म्हणतं ते त्याला ठाऊक होतं, पण या उकाड्यात कोणी चक्कर येऊन पडलं तर पाप कोणाच्या माथी, असं तो म्हणायचा. नियेलेचे ते उपास नसलेले दिवस होते. बायकांना महिन्यातून येणारी सुट्टी. ती कपाटाआड जाऊन पाणी पीत होती. तिने बाही वर केली आणि म्हणाली, माझं घ्या, बाकीच्यांचं ईदनंतर बघू. खोलीत क्षणभर अवघडल्यासारखं झालं, कारण सगळ्यांना कळलं. तेव्हा सिरिमानने केइताला शोभेल असं केलं. "कुलिबालींना कुठला उपास झेपतोय," तो मोठ्याने म्हणाला, "पहाटेच घमेलंभर चवळी हाणली असणार हिने. हिच्या रक्तातही चवळीच निघेल, बघा." सगळे हसले आणि तिची लाज त्या हसण्याखाली झाकली गेली. ईदनंतर विजेचं सुरू झालं, आणि बाकीच्यांचं राहूनच गेलं.

केइता आडनावाच्या लोकांनी कुलिबालींना चवळीखाऊ म्हणायचं आणि कुलिबालींनी केइतांना आपले गुलाम म्हणायचं, हे कोणी ठरवलं ते कोणाला माहीत नाही, पण ते पाळायचं असतं. लग्नात पाळायचं, बारशात पाळायचं, मयतीतसुद्धा. या थट्टेचा राग धरायचा नाही. आणि या थट्टेतलं काही खरंही मानायचं नाही. दुसरा नियम कोणी बोलून दाखवत नाही, पण पहिला त्याच्याच आधारावर उभा असतो. नियेलेचे वडील, झान कुलिबाली, सेगूचे विणकर. नदीकाठच्या कडुनिंबाखाली त्यांचा माग. तिला आठवतं, पायाच्या अंगठ्यात आणि शेजारच्या बोटात दोरी धरून ते माग चालवायचे, एकदा उजवी, एकदा डावी, आणि हातभरही रुंद नसलेली पांढरी पट्टी सरसर पुढे सरकत राहायची. मग एका हंगामात दोरी बोटांतून निसटायला लागली. त्यांनी दोरीला गाठ मारली. मग गाठ मोठी केली. मग पायालाच दोरी बांधून पाहिली, आणि एक दिवस माग भावाला देऊन टाकला. डोळ्यांनी दिसत नाही, असं त्यांनी सगळ्यांना सांगितलं. पायाबद्दल कोणी बोललंच नाही. त्यांच्या चालण्याबद्दल मात्र सगळे बोलायचे. गुडघे उंच उचलून, उथळ पाण्यातून बगळा चालावा तसं, आणि पाऊल खाली येताना फट्कन आवाज. लहानपणी नियेले अंगणात बसून त्या आवाजावरून ओळखायची की बाबा आले. तिच्या लग्नात केइतांच्या एका सुनेने पोटावर उशी बांधून ती चाल करून दाखवली होती. गुडघे छातीपर्यंत, फट्, फट्. चवळीने पोट इतकं जड झालंय की पाय उचलून उचलून टाकावे लागतात, असं ती म्हणत होती आणि मांडव हसून लोळत होता. सगळ्यात जास्त बाबा हसत होते. डोळे पुसत होते. नियेले त्या वेळी नसांचं शास्त्र शिकून आली होती, तिच्याकडे पदवी होती, पुस्तकातली ती चाल, टाचेआधी बोटं टेकणारी, तिने परीक्षेत आकृतीसकट लिहिली होती. आणि ती मेंदीचे हात गुडघ्यांवर ठेवून हसत होती, कारण ती थट्टा होती आणि थट्टेत खरं काही नसतं.

सिरिमान रोज सकाळी व्हरांड्यात तिची नक्कल करत तिच्यामागून तसंच चालायचा. हे तिला आत्ता, बाकाशी बसल्या बसल्या आठवलं, आणि हातातला पिपेट तिने खाली ठेवला.

घरी गेली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. नवरा लासाना सिकासोच्या शाळेत शिकवतो, महिन्याअखेरीस येतो. घरात ती आणि तेनिन. तेनिन अंगणात खडूने आखलेल्या चौकोनांत उड्या मारत होती. आठ वर्षांची, हाडकुळी, गुडघ्यांवर खपल्या. खपल्या सगळ्याच मुलांच्या गुडघ्यांवर असतात. नियेलेने चुलीवर बाजरीच्या पिठाचं भांडं चढवलं आणि ढवळत राहिली. लाकडी दांडा मुठीत घट्ट होता की नव्हता ते तिला सांगता येईना. धरलाय हे डोळ्यांना दिसत होतं, पण हाताला विचारावं तर हात विचार करून उत्तर देत होता. ही भीती आहे की तो आजार आहे? घाबरलेल्या माणसाचीही बोटं बधिर होतात. ती मधल्या बोटाने अंगठ्याला स्पर्श करून पाहायला लागली, मग भेंडी चिरायच्या सुरीचं पातं हलकेच, मग भांड्याची कड. भाजलं. भाजलं याचा तिला इतका आनंद झाला की तिने पुन्हा हात लावला. आणि मग वाटलं, उजव्या हाताला भाजलं. पण उजव्या पायाला दुपारी जे कळायला हवं होतं त्याचं काय. तिच्या अंगात कुठेतरी, गुडघ्याच्या खाली, एक पेशी या क्षणी स्वतःला पुन्हा गुंडाळत होती. छत्तीस वर्षं गुंडाळत होती, सुटलेलं परत लपेटत होती, कोणी पाहत नसताना. आणि तेनिनच्या अंगात? एक तरी जनुक आईकडूनच येतं. नाणं उडवून बघण्यासारखं आहे, असं ती इतर बायकांना सांगायची. अगदी सौम्य आवाजात सांगायची. बऱ्याच बायका त्यावर डोक्यावरचा रुमाल सोडून पुन्हा बांधायच्या, आणि नियेलेला वाटायचं की त्यांना समजलं नसावं.

"तेनिन," ती म्हणाली, "टाचांवर चालून दाखव बघू. बोटं वर उचलून."

"का?"

"असंच. खेळ आहे."

तेनिनने दोन्ही हात पंखांसारखे पसरले. नियेले वळली आणि चुलीतली लाकडं सारखी करायला लागली. लाकडं सारखीच होती. मागे अंगणात पावलांचा आवाज झाला, मग तेनिनचं खिदळणं, मग काहीतरी धप्पकन. "आई, तू बघतच नाहीयेस." बघतेय, असं नियेले चुलीकडे तोंड करून म्हणाली. धुराने डोळे चुरचुरत होते. तेनिन म्हणाली, हा खेळ काही चांगला नाही, आणि चौकोनांकडे परत गेली. त्या संध्याकाळी जेवताना नियेलेने मुलीच्या थाळीत माशाचा मोठा तुकडा घातला आणि तिच्या पायांकडे पाहिलं नाही. पाहिलं नाही तोवर ते पाय कुठल्याही मुलीचे पाय होते. आणि तिने हेही पाहून ठेवलं होतं की तिला काही करावंच लागणार नाही. खापर फोडायला वीज होती. नवी रसायनं येतील तेव्हा दुसऱ्या कोणाचं तरी रक्त माप म्हणून घ्यायचं, जुनी नळी टाकून द्यायची. कोणालाही काही कळणार नाही. तिलासुद्धा, नीट प्रयत्न केला तर. मधल्या दिवसांत मा तेवढी गोळ्या खाईल.

सकाळी प्रयोगशाळेच्या व्हरांड्यात माची आई आपल्या भावाच्या मदतीने मुलीला नळाकडे नेत होती. मा पुढे आली. गुडघा वर, पाऊल लोंबतं, फट्. गुडघा वर, फट्. नियेले खांबाशी थांबली. तिला सेगूचं अंगण ऐकू आलं. बाबा आले, असं तिच्या मनाने शब्दांआधीच म्हटलं. तिथून डॉक्टर सानोगोंच्या खोलीपर्यंत ती भिंतीला हात न लावता गेली.

सिरिमान तिथे ट्रे घेऊन उभा होता. त्याने बाहेर जायला पाऊल उचललं, पण ती म्हणाली, थांबा, तुम्हाला माहीतच आहे. मग डॉक्टर सानोगोंना म्हणाली, "मॅडम, विजेचा दोष नाही. रसायनं चांगली आहेत. माप चुकलंय. कंट्रोल एकट्या माझ्या रक्ताचं आहे."

डॉक्टर सानोगो हिशेबाला पक्क्या. त्यांनी समोरच्या आकड्यांवर नजर फिरवली, ओठ हलले, प्रत्येक आकडा मनातल्या मनात दीडपट केला असणार. माचे तीन झाले. काकाचे दोन. तिन्ही घराणी आपापल्या जागी जाऊन बसली, एकही उरलं नाही. इतकं स्वच्छ उत्तर या प्रयोगशाळेत कधी आलं नव्हतं. नियेलेला वाटलं की मॅडम आता रागावतील, एकट्याचं रक्त वापरलं म्हणून, आणि त्या रागावल्या तर बरं होईल. त्यांनी चष्मा काढला.

"बस, नियेले," त्या म्हणाल्या. "सोमवारच्या गोळ्या रद्द. तेनिन आता किती वर्षांची झाली?"

तो आवाज. नियेलेला तो आवाज ओळखीचा होता, ती स्वतः तो वापरत असे. कापसात गुंडाळल्यासारखा, कडा काढून टाकलेला. टेबलाच्या या बाजूला तो कसा ऐकू येतो ते तिला माहीत नव्हतं. आठ, ती म्हणाली. मग तिच्या लक्षात आलं की तिने डोक्यावरचा रुमाल सोडला होता आणि ती तो पुन्हा बांधत होती.

बाहेर व्हरांड्यात ती चालायला लागली. मागून सिरिमान येत होता. तिला त्याची पावलं ऐकू येत होती, हळू, साधी, एकामागून एक, मयतीमागून चालणाऱ्याची असतात तशी. मयतीतही केइता कुलिबालीची थट्टा करतो. प्रेताला उठवतो, चल ऊठ, चवळी शिजली म्हणतो. आणि आज तो गप्प होता. कालच्या चटक्याने, रात्रभराच्या जागरणाने, मॅडमच्या आवाजानेही जे झालं नव्हतं ते त्या साध्या पावलांनी झालं. भीती तिच्या पायांपासून वर चढायला लागली, आणि पायांना ती जाणवत होती, पुरेपूर जाणवत होती. आता कोणी हसणार नाही. आता ती चाल खरी झाली.

ती वळली. "केइता," ती म्हणाली, "मागून काय येताय चोरासारखे? माझी चाल करून दाखवा."

"जाऊ दे ना गं."

"रोज करता. आज मी म्हणतेय. करून दाखवा."

सिरिमानने इकडेतिकडे पाहिलं. पन्नाशी उलटलेला माणूस, पांढरा कोट, हातात सुयांचा ट्रे. त्याने ट्रे कट्ट्यावर ठेवला आणि दोन पावलं टाकली, गुडघे थोडेसे उचलून.

"अशी नाही. रोजची."

मग त्याने केली. पोट पुढे न काढता, चेहरा वाकडा न करता, फक्त चाल. ती भिंतीला टेकून पाहत होती. उजवा गुडघा डाव्यापेक्षा जरा जास्त वर जात होता. वळताना तो क्षणभर थांबून जमीन चाचपत होता. इतकं बारीक तिने स्वतःला कधी पाहिलं नव्हतं. किती वर्षं पाहत होता हा माणूस, तिला वाटलं, आणि मी त्याला गुलाम म्हणून हसत होते. तो परत तिच्यासमोर येऊन उभा राहिला आणि बाही वर सारायला लागला. "नव्या मापाला माझं रक्त घे," तो म्हणाला. "आधी माझंच, मग बाकीच्यांचं. चवळीने मापून बघितलं, आता आम्हा केइतांच्या, राजघराण्याच्या रक्ताने मापा." त्याने हसण्याचा प्रयत्न केला आणि तो तिला कळावा इतपत केला.

"घेते," नियेले म्हणाली. ईदला तेनिन इथे आली होती, नवा फ्रॉक घालून. या व्हरांड्यात सिरिमानने तिला छोटी चवळी म्हणत गोळ्या-बिस्किटं दिली होती आणि ती या टोकापासून त्या टोकापर्यंत पळत होती. कुठल्याही कुलिबालीची नक्कल करायची तर आधी त्याला नीट बघावं लागतं.

"आता तेनिनची करा."

सिरिमानचा हात बाहीवर थांबला. नळाखाली कोणीतरी भांडं ठेवलं होतं, ते भरून वाहत होतं. त्याने तिच्याकडे पाहिलं, बराच वेळ, आणि तिने नजर काढली नाही. काल चुलीकडे वळली होती तशी ती वळली नाही. तो व्हरांड्याच्या टोकाला गेला. लहान मुलीसारखं अंग आखडून घेतलं, हात जरासे पसरले. पाऊल उचललं. नियेले खाली वाकून फरशीकडे पाहत राहिली.

आधी बोटं टेकली. मग टाच.